चौक कोणाचा?

"चौक" हा शब्द आपल्या भाषेंत दोन अर्थांनीं वापरला जातो. जुन्या वाड्याच्या मधोमध आभाळाला उघडी अशी जी मोकळी जागा असते, तिलाहि आपण चौक म्हणतों. आणि गांवांत जेथें चार रस्ते एकत्र येतात, त्या जागेसहि चौकच म्हणतों. वाड्याच्या चौकांतून घरांत उजेड येतो व वारा खेळतो. तेथें पापड वाळतात, मुलें खेळतात, मंगलकार्याचा मांडव पडतो, आणि म्हातारीं माणसें सकाळचें ऊन घेत बसतात. वाड्यांत बिऱ्हाडें कितीहि असोत, चौक कोणा एका बिऱ्हाडाचा नसतो. एखाद्यानें तो आपल्या अडगळीनें भरून टाकिला, तर साऱ्यांचाच उजेड अडतो. ज्या कोणीं ह्या दोन जागांस एकच नांव दिलें, त्यानें मोठी मार्मिक गोष्ट केली असें आम्हांस वाटतें.

गतवर्षीं नागरिकशास्त्राच्या तासास आम्हीं नववीच्या वर्गास एक साधा प्रश्न विचारला: "आपल्या शहरांतील मोठा चौक कोणाचा?" एकानें उत्तर दिलें, "नगरपालिकेचा." दुसरा म्हणाला, "पोलिसांचा. कारण तेच तेथून सर्वांना हटवितात." वर्ग हंसला. मग शेवटच्या बांकावरील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, तो कोणाचाच नाहीं. म्हणून तर तेथें सगळे कचरा टाकतात." वर्ग पुन्हां हंसला, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. त्या मुलीनें जें पाहिलें होतें तेंच सांगितलें होतें, आणि तिच्या बोलण्यास योग्य असें प्रत्युत्तर त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हतें. इतक्यांत घंटा झाली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीस उशिरानें दिलेलें उत्तर होय. तें देण्यासाठीं आम्ही तुम्हांस एका दूरच्या शहरीं नेणार आहों. कारण तेथील एका चौकाची हकीकत या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, पॅसिफिक महासागराच्या बाजूस, ऑरेगन नांवाचें राज्य आहे. त्यांत विलमेट नदीच्या कांठीं पोर्टलंड हें शहर वसलें आहे. त्याच्या मध्यभागाची आंखणी बुद्धिबळाच्या पटासारखी असून पटाचें एकेक घर दोनशें फूट लांब व दोनशें फूट रुंद आहे. गुणाकार करून पाहा: ४०,००० चौरस फूट, म्हणजे एक एकरास थोडें कमी. अशाच एका घराची ही कथा आहे. तेथें आज जो चौक आहे त्यास 'पायोनियर कोर्टहाऊस स्क्वेअर' असें म्हणतात; कारण त्याच्या पूर्वेस १८७५ सालीं पुरी झालेली जुन्या न्यायकचेरीची इमारत उभी आहे.

ह्या जागेवर पूर्वीं काय काय होऊन गेलें तें ऐका. १८४९ सालीं जोडे करणाऱ्या एका कारागिरानें चोवीस डॉलर रोख व बुटांचा एक जोड देऊन ही जागा घेतली, अशी गोष्ट तेथें सांगतात. पुढें १८५८ च्या सुमारास तेथें शाळा उभी राहिली. होय, तेथें प्रथम आपल्यासारखीच एक शाळा होती! पंचवीस एक वर्षें त्या जागेवर मुलांचे पाढे ऐकूं येत असतील. परंतु शहर वाढलें आणि जागेची किंमतहि वाढली. १८८३ सालीं हेन्री व्हिलार्ड या रेल्वेच्या धनाढ्य चालकानें तेथें भव्य हॉटेल बांधण्याचें योजिलें, आणि शाळेची इमारत तेथून हलविण्यांत आली. थोड्याच काळांत व्हिलार्डचा आर्थिक डोलारा कोसळला, व हॉटेलचा पाया कित्येक वर्षें तसाच अर्धवट पडून राहिला. अखेर गांवांतील लोकांनीं भांडवल जमवून तें काम पुरें केलें, व १८९० सालीं 'पोर्टलंड हॉटेल' उघडलें. साठ वर्षें तें नगराचें भूषण होतें. १९५१ सालीं तेंहि पाडण्यांत आलें. शेजारच्या 'मायर अँड फ्रँक' ह्या मोठ्या दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या मोटारी उभ्या करण्यास जागा हवी होती; म्हणून जेथें शाळा भरली व जेथें पाहुणे उतरले, तेथें दुमजली मोटारतळ झाला.

येथें दुकानदारांस दोष देण्याची घाई करूं नये. त्या काळीं अमेरिकेंतील बहुतेक शहरांवर एकच संकट आलें होतें. घरोघर मोटारी आल्या, कुटुंबें शहराबाहेरील उपनगरांत राहावयास गेलीं, आणि दुकानेंहि त्यांच्यामागोमाग जाऊं लागलीं. पोर्टलंडमध्यें नदीपलीकडे १९६० सालीं लॉइड सेंटर नांवाची विस्तीर्ण नवी बाजारपेठ उघडली; तेथें मोटारींस जागेची वाण नव्हती. शहराच्या मध्यावरील व्यापाऱ्यास वाटलें कीं, आपणहि मोटारींस जागा दिली नाहीं तर आपलें दुकान बसलेंच. त्याचें दुःख खरें होतें. परंतु त्यानें सुचविलेला उपाय शहरास मानवणारा नव्हता. ज्या शहराचा मध्य मोटारी ठेवण्याच्याच कामीं येतो, तेथें मोटारींतून उतरून जाण्याजोगें कांहीं उरत नाहीं.

१९७० च्या सुमारास दुकानाच्या मालकांनीं आणखी एक बेत नगरापुढें मांडिला. जुन्या तळाच्या जागीं सुमारें आठशें मोटारी मावतील असा अनेक मजली उंच मोटारतळ बांधावयाचा होता. जागा त्यांची, पैसा त्यांचा. मग इतरांनीं कां बोलावें? पण लोक बोलले. न्यायकचेरीसमोर अशी भिंत उभी राहिली तर नगराचा मध्य कायमचा झांकोळेल, असें त्यांनीं नियोजन-मंडळापुढें सांगितलें, आणि मंडळानें परवानगी नाकारली. लोकमताची ही पहिली पायरी. तिला आम्ही "अडविणें" असें म्हणूं. अनिष्ट गोष्टीस वेळींच नको म्हणतां येणें, हा नागरिकाचा पहिला गुण होय.

परंतु अडविणें हें अर्धेंच काम आहे. जो केवळ नको म्हणतो त्याला पुढचा प्रश्न येतोच: "मग काय हवें?" पुष्कळ ठिकाणीं लोकांची तोंडें येथेंच मिटतात. पोर्टलंडच्या लोकांचें वैशिष्ट्य असें कीं, ते ह्या दुसऱ्या प्रश्नापुढें गप्प बसले नाहींत. शहराच्या मध्यभागाची नवी योजना आंखण्याचें काम चाललें होतें. त्यासाठीं नागरिकांची एक सल्लागार समिति नेमण्यांत आली. तिनें कामाचा जो क्रम धरला तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. इंजिनिअरांनीं नकाशा काढावा, आणि मग लोकांना "आवडला कीं नाहीं?" असें विचारावें, ही नेहमींची रीत. तिच्यांत लोकांना मान डोलविण्यापलीकडे किंवा भांडण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं. येथें तसें न करितां लोकांनीं प्रथम उद्देश सांगावे व तज्ज्ञांनीं त्यांवरून नकाशा काढावा, अशी दिशा घेतली गेली. शहराच्या मध्यांत चालणाऱ्या माणसास सुख व्हावें, बसगाड्या सुलभ व्हाव्या, नदीचा कांठ लोकांस मोकळा मिळावा, आणि अगदीं मधोमध बसण्याउठण्यास एक सार्वजनिक चौक असावा, अशा गोष्टी त्यांतून पुढें आल्या. १९७२ च्या डिसेंबरांत नगरसभेनें ती योजना मान्य केली. नदीकांठचा मोटारींचा हमरस्ता १९७४ सालीं बंद करण्यांत आला व पुढें तेथें उद्यान झालें. लोकमताची ही दुसरी पायरी. तिचें नांव "सुचविणें".

आतां तुम्हांस वाटेल कीं योजना मंजूर झाली, म्हणजे चौक झालाच. तसें नाहीं. कागदावरील चौक व पायांखालचा चौक यांत बारा वर्षांचें अंतर पडलें. नगरानें ती जागा १९७९ सालीं ताब्यांत घेतली. १९८० सालीं चौकाच्या रचनेसाठीं स्पर्धा जाहीर झाली व तिच्यांत एकशें बासष्ट आराखडे आले. त्यांतून पांच निवडले गेले, आणि शेवटीं पोर्टलंडमधीलच विल मार्टिन या स्थापत्यकारास व त्याच्या सहकाऱ्यांस यश मिळालें. ह्या सहकाऱ्यांत बागांची रचना जाणणारा एक, शिल्पकार एक, चित्ररचनाकार एक, लेखक एक व इतिहासकार एक होता. चौक बांधण्यास इतिहासकार कशास हवा, असें कोणी विचारील. पण त्या जागेचें पूर्ववृत्त ज्यास ठाऊक होतें, त्याच्यामुळेंच जुन्या हॉटेलचें लोखंडी फाटक तेथें पुन्हां मानानें उभें राहूं शकलें. शाळेंत इतिहास शिकून पोट भरत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत घ्यावें.

इतकें झाल्यावर मोठा विरोध उपस्थित झाला. १९८० च्या निवडणुकीनंतर अधिकारावर आलेले महापौर फ्रँक इव्हान्सी यांस व कांहीं वजनदार व्यापाऱ्यांस हा उघडा चौक पसंत नव्हता. त्यांचें म्हणणें असें: चारी बाजूंनीं मोकळी जागा ठेविली कीं तेथें बेकार, भटके व निराश्रित लोक येऊन बसतील, सभ्य कुटुंबें तेथें फिरकणार नाहींत, व दुकानांस तोटा होईल. त्यापेक्षां वर कांचेचें छप्पर घालावें, आंत झाडें लावावीं, आणि प्रवेशास फी ठेवावी, असाहि एक विचार होता.

पालकवर्गानें ह्या ठिकाणीं क्षणभर थांबून विचार करावा, अशी आमची विनंति आहे. ही भीति सर्वस्वीं खोटी होती असें नाहीं. आपणहि आपल्या मुलीस सायंकाळीं चौकांत पाठवितांना दहादां विचार करितों. परंतु ज्या जागेस दार आहे व दारावर पैसे घेणारा आहे, ती जागा कितीहि सुंदर असली तरी तिला नगराचा चौक म्हणतां येत नाहीं. ती बाग होईल, नाट्यगृह होईल. चौक होणार नाहीं. गरीब मनुष्य डोळ्यांआड केला म्हणजे गरिबी नाहींशी होत नाहीं. तो दुसऱ्या रस्त्यावर जाऊन बसतो, इतकेंच. आणि चौक सुरक्षित होतो तो मुख्यतः माणसांच्या वर्दळीनें. जेथें आजी बसली आहे, मुलें पायऱ्यांवर डबा खात आहेत, कोणी वाद्य वाजवीत आहे, तेथें गुंडगिरीस जागा सांपडत नाहीं.

चौकाचा बेत बारगळतो कीं काय, अशी वेळ आली. सार्वजनिक निधि पुरा पडत नव्हता, आणि वरिष्ठांचें मन नव्हतें. तेव्हां चौकाच्या चाहत्यांनीं एकत्र येऊन "चौकाचे मित्र" ह्या अर्थाच्या नांवाची मंडळी स्थापन केली. त्यांनीं एक युक्ति योजिली. चौकाची फरसबंदी विटांची व्हावयाची होती. ज्यास चौक व्हावा असें वाटतें त्यानें एक वीट विकत घ्यावी, व तिच्यावर आपलें किंवा आपल्या प्रिय माणसाचें नांव कोरलें जावें! प्रारंभीं एका विटेस पंधरा डॉलर अशी किंमत ठेविली. किती विटा खपल्या असतील? सुमारें पन्नास हजार. आतां अंकगणिताच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा: पंधरा गुणिलें पन्नास हजार, म्हणजे साडेसात लक्ष डॉलर! परंतु आमच्या मतें ह्या रकमेपेक्षांहि दुसरा आंकडा अधिक महत्त्वाचा आहे. एका धनिकानें साडेसात लक्ष डॉलर दिले असते, तर चौकास एकच मालक मिळाला असता. हजारों लोकांनीं थोडें थोडें दिलें, म्हणून त्यास हजारों धनी मिळाले. ज्या कामांत नगरांतील हजारों घरांची नांवें गुंतलीं आहेत, तें मोडणें कोणत्याहि अधिकाऱ्यास सोपें राहिलें नाहीं. लोकमताची ही तिसरी पायरी. तिला "भार उचलणें" म्हणावें.

हीं नांवें कोठें आहेत, तेंहि पाहा. आपल्याकडे देणगीदाराचें नांव संगमरवरावर कोरून दाराच्या वर लावण्याची रीत आहे. तें वाचण्यास मान वर करावी लागते. येथें नांवें पायांखालीं आहेत. त्यांवरून न्यायाधीश चालतो, हमाल चालतो, आणि मुलें धांवतात. ज्याचें नांव आहे त्यास त्याचा अपमान वाटत नाहीं, उलट धन्यता वाटते. पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीस नामदेवाचें नांव आहे, आणि भक्तांचे पाय आपणांस लागावे म्हणून नामदेवानें ती जागा मागून घेतली, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलों. तिचें मर्म महाराष्ट्रांतील वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

६ एप्रिल १९८४ रोजीं हा चौक लोकांस खुला झाला. जमिनीच्या उताराचा उपयोग करून एका अंगास अर्धवर्तुळाकार रुंद पायऱ्या केल्या आहेत. त्यांवर बसून लोक जेवतात, गप्पा करितात, आणि सभा किंवा गायन असेल तेव्हां त्याच पायऱ्या प्रेक्षकांचीं आसनें होतात. एका बाजूस पाण्याचा धबधबा आहे. छत्री घेऊन उभ्या असलेल्या एका मनुष्याचा ब्राँझचा पुतळाहि आहे. तो इतका हुबेहूब आहे कीं नवखा मनुष्य फसावा. १९८८ सालीं बसविलेलें हवामानाचें एक गमतीचें यंत्र तेथें आहे. माध्यान्हीं वाजतगाजत त्यांतून चिन्ह वर येतें: निरभ्र दिवस असेल तर सूर्य, झिमझिम पावसाचा असेल तर निळा बगळा, आणि वादळाचा असेल तर अजगरासारखा राक्षसी प्राणी! डिसेंबरांत तेथें नाताळाचें उंच झाड उभें असतें. राजकीय सभाहि तेथें भरतात व निषेधहि तेथेंच होतात. पोर्टलंडचे लोक ह्या जागेस आपल्या शहराची "बैठकीची खोली" म्हणतात. आपण मराठी लोक तिला वाड्याचा चौक म्हणूं. भाव एकच आहे.

चौक बांधून झाला म्हणजे कर्तव्य संपलें असें नाहीं. तीस वर्षांच्या वापरानें विटा झिजल्या, खालीं पाणी झिरपूं लागलें. २०१४ सालीं नगरांतील उद्यानांच्या दुरुस्तीसाठीं ६ कोटी ८० लक्ष डॉलरांचें कर्ज उभारावें कीं नाहीं, हा प्रश्न मतदारांपुढें ठेवण्यांत आला. त्यांनीं संमति दिली, आणि त्या निधींतून ह्या चौकाचीहि डागडुजी झाली. म्हणजे बापानें वीट दिली, आणि मुलानें ती बसती ठेवण्यासाठीं कर सोसला. ही चौथी पायरी, "सांभाळणें". हिचा गाजावाजा होत नाहीं, पण हिच्यावांचून पहिल्या तीन व्यर्थ होतात.

येथवरची हकीकत गोड आहे. परंतु शिक्षकानें विद्यार्थ्यांस अर्धें सत्य सांगूं नये. ह्याच शहरांत, ह्याच काळांत, दुसरीहि एक हकीकत घडत होती. नदीपलीकडे आल्बिना नांवाची वस्ती आहे; तेथें मोठ्या संख्येनें कृष्णवर्णीय कुटुंबें राहत; कारण शहराच्या इतर भागांत त्यांस घरें मिळूं देत नसत. १९५६ सालीं मोठें क्रीडागृह कोठें बांधावें, हें ठरविण्यासाठीं मतदान झालें. बहुमतानें ह्याच वस्तीलगतची जागा निवडली गेली, आणि चारशेंहून अधिक घरें पाडण्यांत आलीं. पुढें १९७० नंतर, म्हणजे मध्यभागाच्या योजनेसाठीं नागरिकांचे विचार घेतले जात होते त्याच दिवसांत, एका रुग्णालयाच्या विस्तारासाठीं त्याच वस्तींतील दीडशेंहून अधिक कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. नंतर सरकारी पैसा आटला, नियोजित विस्तार झाला नाहीं, आणि घरें पाडून मोकळी केलेली पुष्कळशी जमीन कित्येक दशकें ओसाड पडून राहिली.

हें वाचून मन विषण्ण होतें. क्रीडागृहासाठीं तर लोकांचें मत विचारलें गेलें होतें! मग चूक कोठें झाली? चूक अशी कीं, ज्यांचें घर जाणार होतें व ज्यांना केवळ खेळ पाहण्यास मिळणार होते, त्या दोघांचीं मतें एकाच तागडींत, एकाच वजनानें मोजलीं गेलीं. बहुमत म्हणजे सर्वांचें मत नव्हे. मोजणी करण्यापूर्वीं ऐकून घ्यावें लागतें, आणि ज्याचें सर्वांत अधिक नुकसान व्हावयाचें आहे त्याचें सर्वांत आधीं ऐकावें लागतें. विटेवर नांव घालण्यास पंधरा डॉलर लागत होते. ज्याच्यापाशीं ते नव्हते तोहि त्याच नगराचा नागरिक होता. म्हणून चौकावर ज्यांचीं नांवें आहेत त्यांच्याइतकाच, ज्यांचीं नाहींत त्यांचाहि त्या चौकावर हक्क आहे. चौक उघडा राहिला, दारावर फी बसली नाहीं, म्हणूनच हा हक्क शिल्लक राहिला.

आतां आपण घराकडे परत येऊं. कारण हा विषय केवळ अमेरिकेचा नाहीं. आपल्या राज्यांत 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' हा कायदा आहे. कोणत्याहि शहराचा विकास आराखडा तयार झाला म्हणजे तो प्रसिद्ध करून नागरिकांकडून "हरकती व सूचना" मागवाव्या, असें त्यांत सांगितलें आहे, व त्यासाठीं तीस दिवसांची मुदत आहे. पुढें नियोजन समितीपुढें त्यांची सुनावणी होते. कायदा करणाऱ्यांनीं शब्द किती नेमके योजिले आहेत! "हरकत" म्हणजे अडविणें, "सूचना" म्हणजे सुचविणें. आमच्या चार पायऱ्यांपैकीं दोन तर कायद्याच्या भाषेंतच आल्या. उरलेल्या दोन, भार उचलणें व सांभाळणें, कोणताहि कायदा आपणांवर लादूं शकत नाहीं. त्या आपल्याच मनांतून याव्या लागतात.

मुंबईच्या आराखड्याचें उदाहरण पुष्कळ पालकांस आठवत असेल. पुढील वीस वर्षांचा मसुदा फेब्रुवारी १९१५ नव्हे, तर २०१५ मध्यें, म्हणजे ह्याच आपल्या काळांत, प्रसिद्ध झाला. त्यांतील चुकांवर लोकांनीं इतकी टीका केली कीं, एप्रिलांतच शासनानें तो दुरुस्त करून नव्यानें सादर करण्यास फर्माविलें, व सुधारलेला मसुदा २०१६ सालीं निघाला. सामान्य नागरिकांनीं नकाशे उघडून पाहिले म्हणूनच हें घडलें.

तथापि हरकत घेण्यास नकाशा वाचतां आला पाहिजे. पालकांपैकीं पुष्कळांस वाटतें कीं, हीं कामें वकिलांचीं व पुढाऱ्यांचीं. आमचें तसें मत नाहीं. भूगोलाच्या तासास जो विद्यार्थी प्रमाण व खुणा शिकला, त्याला नगराचा आराखडा वाचतां येईल. ज्याला शेकडेवारी येते त्याला खर्चाचा अंदाज तपासतां येईल. आणि जो शुद्ध व मुद्देसूद निबंध लिहूं शकतो, त्याला एका पानाची हरकत खात्रीनें लिहितां येईल. वृत्तपत्रांत बारीक टाइपांत जाहीर नोटीस येते. ती घरांतील कोणीच वाचीत नाहीं. यापुढें तुमच्या घरीं ती तुम्हीं मोठ्यानें वाचून दाखवावी. बाजारतळावर भाजी विकणाऱ्या बाईस किंवा चौकाच्या कडेस छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यास ती वाचतां येत नसेल. त्यांनाहि तिचा अर्थ सांगावा, व त्यांचें काय म्हणणें आहे तें लिहून घ्यावें. चौक सुधारतांना बहुधा पहिला धक्का त्यांच्याच पोटास बसतो, आणि त्यांची हरकत मात्र कोणाच्याच फाइलींत नसते.

शेवटच्या बांकावरील आमच्या विद्यार्थिनीस आतां आम्ही उत्तर देतों. मुली, तूं म्हणालीस तें आजच्यापुरतें खरें आहे. जो चौक कोणीं मागितला नाहीं, ज्यासाठीं कोणीं कांहीं दिलें नाहीं, व ज्याची कोणी निगा राखीत नाहीं, तो कोणाचाच नसतो. पण जागा तीच असते. बदलावीं लागतात तीं माणसें. पोर्टलंडची ती जागा तीस वर्षें मोटारींची होती. ती माणसांची झाली, कारण कांहीं लोकांनीं नको म्हणण्याचें धैर्य केलें, कांहींनीं काय हवें तें सांगितलें, हजारोंनीं एकेक वीट दिली, आणि त्यांच्या मुलांनीं ती राखली. तूं येत्या आठवड्यांत आपल्या चौकांतून जाशील तेव्हां तेथें बसण्यास सांवली आहे कीं नाहीं, म्हातारीं माणसें रस्ता कशीं ओलांडतात, आणि कचऱ्याची पेटी किती पावलांवर आहे, एवढें पाहून ये, व एका कागदावर लिहून आण. तो कागद ही तुझी पहिली वीट समजूं.

मननार्थ प्रश्न

१. अडविणें, सुचविणें, भार उचलणें व सांभाळणें यांपैकीं आपल्या गांवांत कोणती पायरी आढळते व कोणती आढळत नाहीं?

२. चौकास छप्पर घालून प्रवेश-फी ठेवावी, असें म्हणणाऱ्यांची बाजू प्रामाणिकपणें मांडा. नंतर तिला उत्तर द्या.

३. "बहुमत म्हणजे सर्वांचें मत नव्हे." आपल्या वर्गांतील एखादें उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. आपल्या शाळेच्या दारापुढील रस्त्याचा नकाशा प्रमाणांत काढून त्यांत एक सुधारणा सुचवा. ती सुधारणा केल्यास कोणाची अडचण होईल, तेंहि त्या व्यक्तीस विचारून लिहा.